हॉलच्या एका भिंतीवर खोट्या विटा काढायच्यात, बजेट दीड हजार, पहिला प्रयत्न गुलाबी झालाय

वारज्याची | रविवार, रात्री १०:४८

मंडळी मदत हवीये, आणि हसायचं असेल तर आधी हसून घ्या.

वारज्यात भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो आम्ही. हॉलची टीव्हीमागची भिंत आहे, दहा फूट रुंद नऊ फूट उंच, तिच्यावर विटांची भिंत रंगवायचं दीड वर्ष माझ्या डोक्यात घोळतंय. मालकांना विचारलंय, ते म्हणाले काय हवं ते करा फक्त जाताना पांढरी करून द्या, आणि हे व्हॉट्सॅपवर लिहून दिलंय त्यामुळे ती बाजू सेफ. खऱ्या विटांच्या पातळ टाइल्स लावायचा भाव काढला होता, तो ऐकून नवरा सोफ्यावर बसला तो जेवायलाच उठला. फोमचे थ्रीडी स्टिकर मैत्रिणीने लावले होते, एका उन्हाळ्यात कोपरे सुटले आणि ओढून काढायला गेली तर खालचा रंग सोबत घेऊन आले. म्हणून रंगच.

तर झालं असं की घरात पांढरं इमल्शन अर्धा डबा पडलं होतं, म्हटलं त्यातच लाल स्टेनर टाकू. झाली स्ट्रॉबेरी बर्फी. अजून एक बाटली टाकली, गडद स्ट्रॉबेरी बर्फी. तिसरी टाकली तेव्हा जरा बरा वाटला पण तो आज दोन दिवस झाले नीट वाळत नाहीये, बोट फिरवलं की बोट लाल. टेप लावून खालच्या चार ओळी रंगवल्यात आणि आमचा हॉल बालवाडी दिसतोय. साडेचारशे रुपये गेले. आता काय करू?

फुकटसल्ला | रविवार, रात्री ११:०५

टीव्ही मोठा घ्या. भिंत झाकली जाईल.

पेठेतला | रविवार, रात्री ११:३१

आमचं आयुष्य वाड्यात गेलं. विटा दिसायला लागल्या की आजोबा गवंड्याला बोलवायचे, कारण विटा दिसणं म्हणजे घरात पैसे नाहीत असं चार लोकांना कळणं. आता चांगल्या गिलाव्यावर पैसे खर्चून विटा काढतात. चालू द्या.

निवृत्त_सिव्हिल | सोमवार, सकाळी ६:१०

ताई, चूक रंगाची नाही, डब्याची आहे. पांढऱ्या इमल्शनमध्ये पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं, त्यात कितीही लाल घाला, फिकाच होणार. आणि स्टेनर हा नुसता रंग असतो, त्याला भिंतीला धरून ठेवणारा चिकटपणा त्याच्यात जवळजवळ नसतो. मर्यादेबाहेर घातला की वाळत नाही, हाताला लागतो. तुमच्याकडे दोन्ही झालं.

दुकानात मशीनवर रंग बनवून मिळतो. गडद छटेसाठी ते वेगळा बेस वापरतात, ज्यात पांढरं फार कमी असतं. शेडकार्डावरचा विटकरी निवडा आणि एक लिटरच घ्या, तुमच्या भिंतीला पुरून उरेल. मॅट घ्या. चमकणारी वीट या जगात नाही.

आधी त्या चार ओळी ओल्या फडक्याने जेवढ्या निघतील तेवढ्या काढा, पूर्ण वाळू द्या, पॉलिश पेपर मारा, मग प्रायमर. थेट वरून रंगवलंत तर नवा रंगही पोपडा होऊन येईल.

गच्चीबाग | सोमवार, सकाळी ९:२२

अगं काव वापर ना! कुंड्यांना लावतो ती. पाव किलो आणली तर अख्खी भिंत होईल, रंग अगदी विटेचा कारण ती मातीच आहे. मी फेविकॉलच्या पाण्यात कालवून लावते.

वारज्याची | सोमवार, दुपारी १:४०

काका धन्यवाद, हे दुकानदाराने सांगितलं असतं तर. त्याने तर मला विचारलं विटेचा रंग हवाय ना मग रेड ऑक्साइड घ्या, मी घेणारच होते.

गच्चीबागताई, कुंडीला टेकून बसत नाही ना कोणी. आमच्याकडे सोफा भिंतीला लागून आहे आणि सासरे पांढरा सदरा घालतात.

निवृत्त_सिव्हिल | सोमवार, दुपारी २:१५

बरं झालं घेतला नाहीत. दुकानात नुसतं रेड ऑक्साइड म्हटलं की ग्रिल आणि गेटला लावायचा तेलातला प्रायमर हातात देतात. तो लोखंडासाठी आहे. आठवडाभर वासाने हॉलमध्ये बसवलं नसतं.

पडद्यामागचा | सोमवार, रात्री ११:५८

अरे हा माझा विषय आहे!! कॉलेजात तीन वर्षं पुरुषोत्तम करंडकाच्या नाट्यस्पर्धेला बॅकस्टेज केलंय, सेटच्या पैशात चहा पण भागायचा नाही अशा बजेटमध्ये आम्ही विटा, दगड, कौलं, सगळं रंगवलंय, त्यामुळे जे सांगतो ते नीट ऐका.

पहिली गोष्ट, टेप विसरा. दहा बाय नऊच्या भिंतीवर साधारण चारशे विटा येतात. आडव्या उभ्या सगळ्या रेघांना टेप लावली तर सव्वाशे मीटरच्या वर लागेल, म्हणजे वीस मीटरचे सहासात रोल, आणि चारशे वेळा बारके तुकडे कापून चिकटवायचे, दुसऱ्या दिवशी लग्न मोडेल. आणि टेपने कडा एकदम सुरीने कापल्यासारख्या येतात, जी वीट कुठल्याच भट्टीतून कधी निघालेली नाही.

दुसरं म्हणजे सोफेवाल्याकडे जा. गादीवाला सोफेवाला कोणीही, त्यांच्याकडे फोमचे कातरण पडलेले असतात, फुकट देतात नाहीतर दहा वीस रुपये. जरा घट्ट फोम बघ, त्याचा विटेच्या मापाचा तुकडा काप, मागे लाकडाची फळी चिकटव धरायला. झाला शिक्का. रंग थाळीत ओत, शिक्का टेकव, आधी पेपरवर एकदा दाब, मग भिंतीवर. फोमच्या भोकांमुळे वीट आपोआप खडबडीत दिसते आणि कडा कुठे तुटक कुठे भरीव येतात, हेच तर हवंय.

तिसरं आणि खरं महत्त्वाचं, आधी विटा नाही, आधी सिमेंट. सगळी भिंत आधी दरजांच्या, म्हणजे विटांमधल्या फटींच्या, रंगाची करायची, राखाडीत थोडा पिवळा, मग त्यावर विटा छापायच्या. मग विटांच्या मधे जे उरतं तो सिमेंट. लोक उलटं करतात, लाल भिंतीवर पांढऱ्या रेघा मारतात आणि मग म्हणतात गणपतीच्या मखरासारखं दिसतंय. दिसणारच ना, मखर तसंच करतात.

निवृत्त_सिव्हिल | मंगळवार, सकाळी ६:०५

वरील तरुण मित्राची पद्धत चांगली आहे. मापं मात्र मी देतो, कारण रंगमंचावरच्या विटा मी पाहिल्या आहेत.

आपल्याकडची नेहमीची वीट नऊ इंच लांब, साडेचार रुंद, तीन जाड. भिंतीत तुम्हाला दिसते ती नऊ बाय तीन. दरज दहा मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाला जरा कमी. शिक्का नऊ बाय तीनचाच कापा. लोक आठ बाय चार कापतात आणि मग ती वीट न दिसता बाथरूमची टाइल दिसते.

सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, याला आम्ही सांधेमोड म्हणतो. तुमची आतली भिंत बहुधा चार इंची असणार, त्यात सगळ्या विटा आडव्याच असतात आणि वरच्या थराचा सांधा खालच्या विटेच्या बरोबर मध्यावर. म्हणून एक थर पूर्ण विटेने सुरू करा, दुसरा अर्ध्या विटेने. नऊ इंची भिंतीचा आव आणायचा असेल तर इंग्लिश बॉण्ड काढता येईल, एका थरात विटेची लांब बाजू, वरच्या थरात साडेचार इंची तोंडं. छान दिसतो, पण शिक्के दोन लागतील आणि थर मोजताना चुकाल. साधं ठेवा.

आणि भिंतीत खिडकी असेल तर तिच्या डोक्यावर आडव्या विटा काढू नका. त्या कशावर उभ्या आहेत? तिथे उभ्या विटांची ओळ किंवा लिंटेल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची आडवी तुळई, दाखवा. डोळ्याला कारण कळत नाही, पण खोटं आहे हे कळतं.

वारज्याची | मंगळवार, रात्री ९:१७

खिडकी नाहीये काका, पण स्विचबोर्ड आहे मधोमध आणि एसीचा पॉइंट वर.

@पडद्यामागचा फोम मिळाला, एका तुकड्याचे पंधरा रुपये घेतले. मी म्हटलं नाटकासाठी फुकट देता, तो म्हणाला तुम्ही नाटकवाले दिसत नाही.

एक आयडिया, काही विटांवर ते भट्टीचं नाव असतं ना खड्ड्यात इंग्रजी अक्षरं, ते काढू का आमच्या इनिशियल्सचं? मस्त दिसेल.

निवृत्त_सिव्हिल | मंगळवार, रात्री ९:४०

कृपा करून नको. तो खड्डा विटेच्या आडव्या पाठीवर असतो, त्यात सिमेंटचा मसाला बसावा म्हणून. भिंत बांधली की तो आत जातो. दर्शनी बाजूला नाव दिसलं म्हणजे वीट कडेवर उभी लावली आहे, आणि लावणाऱ्याला कामावरून काढायला हवं.

पेठेतला | मंगळवार, रात्री ९:५२

इनिशियल्स काढायच्या असतील तर दारावर पाटी लावा. पुण्यात तीच पद्धत आहे.

पडद्यामागचा | बुधवार, रात्री १२:२०

स्विचबोर्डाजवळ विटा कापलेल्या दाखव, म्हणजे बोर्डाच्या कडेपाशी अर्धी पाऊण वीट संपते. बोर्ड काढून अख्खी वीट रंगवून परत बोर्ड लावायचा पण ऑप्शन आहे पण मग मेन बंद करून कर बाई.

आता रंग. मशीनवरून जो विटकरी आणशील तो एकच रंग अख्ख्या भिंतीला लावलास तर परत मखर. चार वाट्या घे. एकीत विटकरी जसाच्या तसा. दुसरीत चमचाभर काळं. तिसरीत पिवळा स्टेनर अगदी थोडा. चौथीत आपला तो सिमेंटचा राखाडी थोडा मिसळ, ही वाटी सगळ्यात महत्त्वाची कारण तिच्यामुळे विटा आणि दरजा एका घरातल्या वाटतात. थाळीत दोन रंग शेजारी शेजारी ओत, मिसळू नको, शिक्का दोन्हीवर टेकव. प्रत्येक वीट वेगळी येते.

निवृत्त_सिव्हिल | बुधवार, सकाळी ६:१५

याला कारण आहे. विटेचा लाल रंग मातीतल्या लोहामुळे येतो, आणि भट्टीत आच सगळीकडे सारखी नसते. कमी भाजली ती पिवळट, नीट भाजली ती तांबडी, आगीजवळची काळपट जांभळी. म्हणून बहुतेक विटा तांबड्या, थोड्या काळपट, पिवळट अगदी एखादी. पिवळट फार काढल्यात तर ठेकेदाराने फसवलंय असं दिसेल.

बघून यायचं असेल तर शनिवारवाड्याचा तट बघा. खालचा भाग दगडी, वरचा विटांचा. अठराव्या शतकापासून ऊनपाऊस खातोय. तिथे उभं राहून पाच मिनिटं फक्त दरजा बघा, सगळं कळेल.

पेठेतला | बुधवार, सकाळी १०:३०

वाड्याचं काम १७३० ला सुरू झालं, १७३२ ला वास्तुशांत. १८२८ च्या आगीत आतलं लाकडी सगळं गेलं, तट राहिला. आणि काका, ती वीट तुमच्या नऊ बाय तीनची नाही, चपटी आहे. वारज्याच्या हॉलसाठी तिथे माप घ्यायला जाऊ नका.

निवृत्त_सिव्हिल | बुधवार, सकाळी १०:४१

मी माप घ्यायला नव्हे, रंग बघायला सांगितलं.

पेठेतला | बुधवार, सकाळी १०:४३

तिकीट काढून का? तट बाहेरून दिसतो.

नुसतीच_वाचक | बुधवार, दुपारी ३:०९

मधेच विचारते, आमच्या बेडरूमच्या भिंतीला बाथरूमकडून ओल येते, पांढरी पावडर सुटते, पोपडे पडतात. त्यावर अशा विटा काढल्या तर झाकेल का?

निवृत्त_सिव्हिल | बुधवार, दुपारी ४:००

नाही. तो लोणा आहे, पाण्याबरोबर भिंतीतले क्षार बाहेर येतात आणि पाणी उडालं की ते मागे राहतात. आधी बाथरूमची गळती बंद करा, भिंत महिनोन् महिने वाळू द्या. नाहीतर विटाही पोपड्यासकट खाली येतील.

फुकटसल्ला | बुधवार, दुपारी ४:०६

खऱ्या जुन्या विटेला पण लोणा येतोच की. त्यांना तो फुकट मिळतोय, रिअ‍ॅलिस्टिक.

वारज्याची | शनिवार, रात्री ११:३५

अपडेट!! काल आणि आज मिळून निम्मी भिंत झाली.

आधी खोक्याच्या पुठ्ठ्यावर दहा विटा काढून बघितल्या, तिथेच कळलं की मी शिक्का फार जोरात दाबते, रंग कडेने बाहेर येऊन मधे दरजच उरत नाही. हलकं दाबायचं, आणि मधेच शिक्का धुवून पिळून घ्यायचा नाहीतर फोम चिखल होतो. मालकांच्या बांधकामाचं एक गुपित पण कळलं, आमचं छत सरळ नाही!! डाव्या कोपऱ्यात नऊ फूट आणि उजव्यात पाऊण इंच कमी. मी छतापासून मोजत खाली येत होते, सहाव्या थराला विटा उतरणीला लागल्या. मग भावाने पाण्याची नळी आणली, तिच्यात पाणी भरून दोन्ही टोकांना एक पातळी धरली, आणि तिथून दोरी ओली करून खडूची पूड लावून टिचकी मारली. सगळे थर त्या रेघेपासून. वरचा शेवटचा थर आता एका बाजूला जाड आणि एका बाजूला बारीक आहे, तिथे पेल्मेट लावू नाहीतर असू दे.

दर वेळी पट्टीने मोजायला नको म्हणून पुठ्ठ्याची एक लांब पट्टी करून त्यावर थरांच्या खुणा केल्या, ती भिंतीला लावायची आणि टिकल्या मारायच्या. भाऊ म्हणाला गवंडी पण अशी फळी ठेवतात. मला वाटलं माझा शोध.

पण एक प्रॉब्लेम आहे. जवळून मस्त वाटतंय, लांबून सपाट दिसतंय. वॉलपेपरसारखं.

पडद्यामागचा | रविवार, रात्री १:१०

सावली! सावली कुठाय?

तुझ्या हॉलमध्ये खिडकी कुठल्या बाजूला? ती डावीकडे असेल तर उजेड डावीकडून आणि वरून येतो असं धर. मग प्रत्येक विटेच्या खालच्या कडेला आणि उजव्या कडेला बारीक ब्रशने काळपट राखाडी, पाण्यासारखी पातळ, रेघ. सरळ नको, तुटक. आणि वरच्या डाव्या कडेला कोरड्या ब्रशवर फिका रंग पुसून घेऊन नुसता स्पर्श. दरज आत गेलीये आणि वीट बाहेर आलीये असं डोळा आपोआप समजतो. चारशे विटा आहेत, दोन रात्री गाणी लावून बस, शॉर्टकट नाही याला.

काळा डायरेक्ट वापरू नकोस, काळ्याने कार्टून होतं. राखाडीत थोडा विटकरी घालून तोच गडद कर.

निवृत्त_सिव्हिल | रविवार, सकाळी ६:३०

खोली खरीच हवी असेल तर पुट्टीने थर उठवता येतो. टेप लावायची, वर दोनतीन मिलिमीटर पुट्टी ओढायची, ओली असतानाच टेप काढायची, दरज आत राहते. पण भाड्याच्या घरात करू नका. रंग पांढरा करून देता येतो, पुट्टी घासून काढताना सगळं घर पिठाच्या गिरणीसारखं होतं.

पडद्यामागचा | रविवार, सकाळी ११:४५

शंभर टक्के सहमत आणि हे मी काकांशी पहिल्यांदा सहमत झालोय.

बाकी भाड्याने राहणाऱ्यांनी मांजरपाटावर करावं खरं तर, भिंतीएवढा मांजरपाट शिवून, प्रायमर मारून, वर पट्टीला अडकवायचा. घर बदललं की गुंडाळून सोबत. आमचे सेट टेम्पोतून असेच जायचे. तुला आधी सुचवायला हवं होतं, विसरलो, सॉरी.

वारज्याची | रविवार, दुपारी १२:०२

आता सांगतोयस!!!

वारज्याची | पुढचा शुक्रवार, रात्री १०:२०

झाली. फोटो टाकलेत, पहिला ट्यूबलाइटमध्ये, दुसरा सकाळच्या उजेडात, दुसरा बघा.

सावलीला दोन नाही चार रात्री लागल्या. पहिल्या दिवशी मी सगळ्या रेघा इतक्या इमानदारीने मारल्या की विटा वहीच्या चौकटीत बसवल्यासारख्या दिसायला लागल्या, मग ओल्या स्पंजने अर्ध्या पुसल्या, तेव्हा एकदम जमलं. खरंतर जे पुसलं तेच चांगलं दिसतंय. दरजांच्या रंगात चाळलेली बारीक वाळू मिसळली होती दोन चमचे, जवळून हात लावला की खरखरीत लागते. आणि गच्चीबागताई, तुमची काव पण वापरली, तिसऱ्या वाटीत चिमूटभर, इमल्शनमध्ये घट्ट बसली, सासऱ्यांच्या सदऱ्यावर घासून टेस्ट केलीये, त्यांना माहीत नाही.

खर्च लिहिते कारण बऱ्याच जणांनी मेसेजमध्ये विचारलंय. विटकरी एक लिटर मशीनवरचा ३८०, राखाडी एक लिटर २९०, स्टेनर दोन बाटल्या १४५, टेप दोन रोल ८० फक्त कडेला आणि छताजवळ, फोम आणि साधा स्पंज मिळून ६०, पॉलिश पेपर ४०, बारीक ब्रश ४५. एकूण १०४०. गुलाबी चुकीचे ४५० धरले तर १४९०. नवऱ्याला मी १०४० सांगितलेत.

निवृत्त_सिव्हिल | शनिवार, सकाळी ६:०८

दुसरा फोटो बघितला. खालून सातवा थर, डावीकडून तिसऱ्या चौथ्या विटेचा सांधा वरच्या सांध्याच्या बरोबर खाली आला आहे. बाकी उत्तम. भिंत पडणार नाही.

पेठेतला | शनिवार, सकाळी ९:१४

बरी झालीये. आता कोणीतरी गिलावा करून घ्या म्हणेल.

गच्चीबाग | शनिवार, सकाळी ९:५०

किती सुंदर गं! रंग उरलाय का? माझ्या बाल्कनीच्या कठड्याची बाहेरची बाजू चार फूट आहे फक्त, तेवढ्याला होईल ना?

वारज्याची | शनिवार, सकाळी १०:०५

अर्धा लिटर विटकरी आहे ताई, घेऊन जा, पण हा आतल्या भिंतीचा आहे, बाहेर पावसात टिकणार नाही बहुतेक. काका?

निवृत्त_सिव्हिल | शनिवार, सकाळी १०:११

नाही टिकणार. बाहेरचा वेगळा घ्या. आणि पावसाळा संपू द्या.

गच्चीबाग | शनिवार, सकाळी १०:१८

मग आत स्वयंपाकघरात ओट्याच्या वर करते. उद्या पाचनंतर येते, वारज्यात कुठे ते मेसेज कर. तो फोमचा शिक्का पण दे, धुवून परत देईन.